कोलामी बोलणारा फोन आणि विशाखाताई

कंपाइल, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणं, सुरू झालं की विशाखाताई पंखा बंद करायच्या. पांढरकवड्यात, भर मे महिन्यात. त्यांच्या कॉम्प्युटर क्लासचा इन्व्हर्टर जुना होता. लाइट गेली की पंखा आणि मशीन दोन्ही त्याला झेपत नसत. समोर कोणीही बसलेलं असो, ताई म्हणायच्या, "घाम येऊ द्या. अर्ध्यात बंद पडलं तं पुन्हा पयल्यापासून."

मी तिथे आंदोलनांची पत्रकं टाइप करून घ्यायला जायचो. आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकंच जास्त. मी अक्षरं शिकलो तीही त्यांच्यावरच. जगात बाजू दोनच असतात, असं मला पक्कं ठाऊक होतं. ताई कोणत्या बाजूच्या, ते मात्र कधी कळलं नाही. पत्रकाखाली सही मागितली की म्हणायच्या, "टाइप करून देली ना? आनखी काय पायजे तुले?"

त्या एक लायब्ररी बनवत होत्या. पुस्तकांची नव्हे; कोणत्याही अ‍ॅपला जोडता येईल असा तयार कोड. कोलाम आदिवासींच्या भाषेत, कोलामीत, लिहिलेला मजकूर अँड्रॉइड फोन त्यामुळे मोठ्याने वाचणार होता. पडद्यावर लाल ओळी धावायच्या आणि मला त्यातलं काहीही समजायचं नाही. एकदा माझ्या फोनवर ती चालली. मी म्हटलं, झालं की!

"तुह्या फोनवर चाल्ली. तू कोलाम हायेस काय? पोडावरचे फोन जुने हायेत. त्यायचा प्रोसेसर येगळा. त्यायच्यासाठी येगळी कंपाइल करा लागते."

फोनमधला आवाज झरी जामणीकडच्या एका पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, सोमाबाईचा होता. ताईंनी तिच्या अंगणात बसून तो रेकॉर्ड केला होता. त्याचे तुकडे जोडून फोन तिच्या आवाजात कोणतंही वाक्य बोलू शकत होता, तिने कधी न उच्चारलेलंसुद्धा.

जुन्या फोनवर लायब्ररी चालू लागली, तेव्हा सोमाबाईच्या पोडाची सभा होती. गायरानावर वनखात्याला सागवान लावू द्यायचं की नाही, हा विषय. माझं पत्रक विरोधातलं. त्याचं कोलामी भाषांतर ताईंनी चाचणीसाठी पोडावरच्या फोनांत घातलं होतं. पोडाच्या प्रमुखाने, नाईकाने, आपल्या फोनवर बोट ठेवलं आणि सोमाबाईचा आवाज सभेभर घुमला: झाडं लावू देणार नाही.

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. सोमाबाई मागे बसली होती. तिच्या मुलाला त्या लागवडीवर मजुरी मिळणार होती आणि ती हो म्हणायला आली होती. त्या पोडावर सभेत जो बोलला, त्याचा शब्द धरला जातो आणि त्याने तो पाळायचा असतो.

"सोमाबाई नाई म्हनते," नाईक म्हणाला.

"मी कवा बोलली?"

"आत्ता सगळ्यायनं आयकलं ना."

ताई उठल्या. "थे सोमाबाई नाई बोलली. मशीन बोल्लं."

"मशीन कोनाचं?"

"माहं."

"मंग शबूद बी तुहाच."

कोणी हसलं नाही. सोमाबाईने आपला हो सांगितला. बाकीच्यांनीही सांगितला. नाही म्हणणाऱ्या एकट्या ताई उरल्या, ज्यांनी कुठल्याच बाजूने कधी सही केली नव्हती.

परत आल्यावर त्यांनी सोमाबाईचा आवाज काढून टाकला. स्वतःच्या आवाजात, तोडक्या कोलामीत लायब्ररी पुन्हा कंपाइल केली. मी भांडलो. इतका अस्सल आवाज असा पुसून टाकायचा? "आवाज तिचा हाय," एवढंच म्हणाल्या. माझं पत्रक चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मग त्या दिवशी नेमकं काय चुकलं, ते मला अजून नीट मांडता येत नाही.

खड्डे खोदायला सुरुवात झाली त्या सकाळी ताई बस पकडून गायरानावर गेल्या आणि मधोमध जाऊन बसल्या. मीही गेलो. घोषणा द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "चूप बस. तुले कोनी इचारलं?"

खोदणाऱ्यांत सोमाबाईचा मुलगा होता. खोदत खोदत तो ताईंपर्यंत आला आणि कुदळ टेकून उभा राहिला.

"ताई, तुमाले खरंच झाडं नोको हायेत?"

"मले मालूम नाई, बाबा."

"मंग कायले बसल्या?"

"सभेत बोलली ना मी."

त्याने कुदळ उचलली. मग ताई बसल्या होत्या तेवढी जागा सोडून पलीकडे गेला आणि पुढच्या खड्ड्याची माती काढू लागला.

ताई आता हैदराबादला असतात. पोडाच्या गायरानावर सागवान वाढतंय आणि मध्येच एक जागा मोकळी आहे. तिला विजय म्हणायचं की आणखी काही, ते मी अजून कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नाही.