अकराच्या ओळीतलं कुंकू

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण पाढे पक्के होते. लग्नाआधी जळगावला कॉलेजात जाणाऱ्या भावाने आकड्यांचा एक त्रिकोण दाखवला होता. दोन्ही कडांना एक, आणि मधला प्रत्येक आकडा वरच्या दोघांची बेरीज. दोंडाईचाजवळच्या सासरी आल्यावर मी तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मांडायची. बोलायला कोणी नव्हतं आणि सुनेने बोललेलं कोणाला खपतही नसे.

मांडता मांडता एक गोष्ट दिसली. पाचाच्या ओळीत, म्हणजे जिथे कडेच्या एकानंतर पाच येतो तिथे, कडेचे एक सोडले तर सगळे आकडे पाचाच्या पाढ्यातले. साताच्या ओळीत सात, एकवीस, पस्तीस, सगळे साताचे. सहाच्या ओळीत मात्र पंधरा आणि वीस सहाच्या पाढ्यात बसेनात. आठ आणि नऊनेही दगा दिला. जो आकडा एकाच्या आणि स्वतःच्या पाढ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्याच पाढ्यात येत नाही, त्याचीच ओळ पुरी भरते, असं मला वाटू लागलं. बसलेल्या आकड्यावर मी कुंकवाचा ठिपका लावायची.

त्या दुपारी अकराची ओळ चालली होती. अकरा, पंचावन्न, एकशे पासष्ट, तीनशे तीस, सगळ्यांना कुंकू लागलं. चारशे बासष्ट राहिला होता, तेवढ्यात नवरा मागे उभा. त्याच आठवड्यात म्हैस मेली होती, सासू तापाने अंथरुणात होती.

"हाई काय मांडेल शे?"

"आकडा शेतस. बेरीज शे."

"आकडाले कुंकू कोन लावस?" नणंद दारातून म्हणाली. "देव शेतस का त्या? डाकीण शे ही."

पहिला आसूड पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. कपाळावरून डोळ्यात रक्त ओघळलं. केस धरून त्याने मला शेणात लोळवलं. डाकीण ओळखणाऱ्या भगताला बोलावलं. तो म्हणाला, जिने मांडलं तिने जिभेने पुसावं. मग सासूने तिच्या हातचं पाणी घेतलं तर ठीक, नाही तर ती डाकीण. डाकीण ठरलेल्या बाईचं काय करतात ते मी शेजारच्या गावात पाहिलं होतं.

मान दाबून त्यांनी माझं तोंड भिंतीला लावलं. कोळसा, चुना, कुंकू, माझंच रक्त. जीभ सोलवटत होती. चारशे बासष्टपाशी आले. अकरा चोक चव्वेचाळीस, उरले बावीस, अकरा दुणे बावीस. बसला. मी तोही चाटला.

मग मला सासूच्या खाटेपाशी ओढत नेलं. हातात तांब्या दिला. तो पुढे करताना पाणी तिच्या उशीवर सांडलं. नणंद ओरडली, "पिऊ नको, माय."

सासूने माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे पाहिलं. "पाणी दे वं माले," ती म्हणाली, आणि तांब्याला तोंड लावून घटघट प्याली.

भगत निघून गेला. नवऱ्याने दार लावलं आणि आसूड पुन्हा उचलला. चार लोकांत त्याला खोटं पडावं लागलं होतं.