लेबलाची चौथी ओळ

आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे सरांना, दोन गोष्टींचा मनापासून राग होता. प्रयोगशाळेत काही खाणं आणि लेबल नसलेली बरणी. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं, कॉलेज मुलुंडचं, आणि मी बी.एस्सी. होऊन तिथे प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून लागले होते. नोकरी अजून कायम झाली नव्हती. घाटकोपरच्या आमच्या चाळीत अशा नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमची बाय आता ॲसिडं सांभाळते." प्रत्यक्षात मी बाटल्या धुवायचे, द्रावणं करायचे आणि लेबलं लिहायचे.

सरांच्या लेबलाला चार ओळी असत. पदार्थाचं नाव, बरणी भरल्याची तारीख, भरणाऱ्याची सही आणि शेवटी धोका. हे सगळं मराठीत लिहायचं, कारण प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते चौथीपर्यंत शिकलेले. मालवणकडचे, आधी गिरणीत होते. "ज्याला बरणी उचलायची आहे त्याला वाचता येत नसेल तर ते लेबल काय चाटायचंय?" असं सर म्हणत. चौथ्या ओळीवरून ते मला फार छळत. मिठाच्या बरणीवर मी एकदा "धोका नाही" लिहिलं, तर सरांनी लेबल ओलं करून काढायला लावलं. धोका नाही असं लिहिण्याचा अधिकार कुणालाच नाही, म्हणाले. मला तेव्हा हा माणूस थोडा चक्रम वाटायचा.

खाण्याच्या नियमाला मात्र वर्षातून एक सुट्टी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा होई. रासायनिक तराजूला झेंडूचा हार, बर्नरला हळदकुंकू, सरांच्या जाडजूड संदर्भग्रंथावर आपट्याचं पान. सर एरवी देवाचं नाव काढत नसत, पण त्या दिवशी सोवळं नेसल्यासारखा स्वच्छ पांढरा एप्रन घालून स्वतः नारळ फोडत. मग खोबरं-साखरेचा प्रसाद. आमच्या घरात देवपूजा नव्हती. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. पण आईचं सांगणं होतं की कुणी मायेने हातावर काही ठेवलं तर घ्यावं, उगाच वाद घालू नये. म्हणून मी पूजेला भिंतीशी उभं राहायचं ठरवलं होतं.

त्या सकाळी युरियाची पिशवी आणि सोडियम नायट्राइटचं पाकीट असं दोन्ही सामान एकदम आलं. सुट्टीनंतर बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रॅक्टिकलला दोन्ही लागणार होतं. मी दोन सारख्या काचेच्या बरण्या धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून ओट्यावर ठेवल्या. युरियाची पिशवी एका कोपऱ्यात फाटली होती. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो, ऑक्टोबरच्या त्या दमट उकाड्यात संध्याकाळपर्यंत त्याची ढेकळं झाली असती, म्हणून आधी तो बरणीत ओतला आणि झाकण घट्ट लावलं. नायट्राइटचं पाकीट शाबूत होतं. ते तसंच कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग लेबल. युरिया, तारीख, सही. चौथ्या ओळीवर पेन अडलं. युरियाचा काय धोका लिहायचा? शेतात टाकतात, आपल्या अंगातून रोज बाहेर पडतो. "धोका नाही" लिहायची तर सोय नव्हती. विचारायला गेले तर सर खुर्चीवर चढून तराजूच्या पेटीला हार बांधत होते. "नंतर," ते तोंडात सुतळी धरून म्हणाले. मी परत येऊन लेबल पुस्तकाखाली ठेवलं आणि द्रावणं करायला घेतली. थोडा युरिया पाण्यात विरघळवला तेव्हा चंचुपात्र हाताला गार लागलं. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता खेचून घेतो. शिकलेलं हाताला कळलं की मला अजूनही बरं वाटायचं, मी उगाचच ते पात्र गालाला लावून पाहिलं.

पूजा झाली. काकांनी नारळ खवला, साखर मिसळली आणि ताट फिरवायला सुरुवात केली. आम्ही आठ-दहा जण होतो. त्यांत आमच्या एक मॅडम होत्या, प्रॅक्टिकलं घेणाऱ्या. त्यांना सहावा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहून टिकले नव्हते, लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या जिना चढायला लागल्या की सगळा विभाग श्वास रोखून बघायचा. मला त्या धाकट्या बहिणीसारखं वागवायच्या. माझा डबा उघडून आधी भाजी चाखायची आणि मग नावं ठेवायची, ही त्यांची पद्धत.

सगळ्यांनी प्रसाद तोंडात टाकला. कुणाचे तरी डोळे बारीक झाले, कुणी पटकन गिळला. बोललं कुणीच नाही. मॅडमनी तर दुसऱ्यांदा हात पुढे केला. "हा बाळाचा हं काका," म्हणाल्या.

शेवटी काका माझ्याकडे आले. "घे गो चेडवा, तू कित्या मागे?" त्यांनी हातावर चांगली मूठभर ठेवला. मी तोंडात घातला आणि जीभ गार पडली. आधी गार, मग खारट, मग कडवट. गोडाचा पत्ता नाही.

तो गारवा मी तासाभरापूर्वी गालाला लावून पाहिला होता.

मी तिथल्या बेसिनमध्ये थुंकले. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. काकांचा चेहरा पडला. मी प्रसाद थुंकले होते, आणि मी कुठल्या घरातली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दोन-तीन क्षणांत त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला स्वच्छ दिसलं आणि भयंकर लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता. मी ओरडलेच, "खाऊ नका! यात साखर नाहीये, युरिया आहे!"

"म्हणजे तुलापण कडू लागलं?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा हात पोटावर गेला होता. "मला वाटलं, खोबरं खवट असेल. प्रसाद ना, कसं बोलायचं गं?"

प्रत्येकाने हेच केलं होतं. चव कळली होती सगळ्यांना, पण प्रसाद टाकायचा नसतो म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने गिळला होता. रसायनशास्त्र शिकवणारी ही माणसं!

सर माझ्यावर ओरडले नाहीत. सगळ्यांना चुळा भरायला लावल्या, प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि काकांना विचारलं, "साखर कुठून घेतलीत?" काकांनी ओट्यावरची बरणी दाखवली. मॅडमनी घरून आणलेला साखरेचा स्टीलचा डबा फुलांच्या टोपलीमागे बंदच होता.

"अहो, वास तरी घ्यायचा, विचारायचं तरी!" कुणीतरी म्हणालं.

काकांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "विचारूचा कित्या? इतक्या वर्सांत ह्या लॅबीत लेबल नाय असा रसायन मी बघूक नाय. लेबल नाय, म्हणजे साखरच!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सरांच्या शिस्तीवर त्यांचा आंधळा विश्वास होता, आणि त्या शिस्तीला भोक पाडलं होतं मी. माझी तर वाट लागली होती. नोकरी जाणार हे मी धरूनच चालले, पण खरं सांगते, त्या घटकेला नोकरीचं काही वाटत नव्हतं. मी मॅडमच्या पोटाकडे बघत होते.

"तुझी खात्री आहे, बरणीत युरियाच आहे?" सरांनी मला विचारलं.

"हो सर."

"खात्री नको. दाखव."

मी चिमूटभर पदार्थ परीक्षानळीत घेतला. नळी बर्नरच्या ज्योतीत स्थिर धरवेना, शेवटी सरांनी माझं मनगट धरलं. साखर असती तर तांबूस झाली असती, गुळासारखा वास आला असता. हे पाण्यासारखं पातळ झालं, मग उकळ्या फुटल्या आणि अमोनियाचा झणका नाकात गेला. नळीच्या तोंडाशी धरलेला तांबडा लिटमस निळा झाला. "युरिया," सर म्हणाले, आणि खिडक्या उघडायला लावल्या. आपट्याचं पान बाजूला करून त्यांनी पूजेतला ग्रंथ उघडला, एक पान बोट फिरवत वाचलं, पुन्हा वाचलं. "एवढ्याशाने काही होऊ नये. पण मॅडमना डॉक्टरकडे घेऊन जा. आत्ता."

रिक्षात मॅडम पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. मी मात्र सारखी बोलत होते. माझी चूक, माझं लेबल, मला माफ करा. शेवटी त्या म्हणाल्या, "गप्प बस ना गं, ढुशी मारतोय का ते बघतेय मी."

त्यांच्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. किती खाल्लं, कधी खाल्लं, नक्की युरियाच होता का. मी नळी, अमोनिया, लिटमस, सगळं धडाधडा सांगितलं. बाईंनी पोटाला लाकडी नळकांडं लावून बाळाच्या ठोक्यांना कान दिला. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या गायीचे खूर मी मोजले, चारच होते, तरी पुन्हा मोजले.

"छान आहेत ठोके," त्या सरळ होत म्हणाल्या आणि हसल्या. "अरे, युरिया तर तुमच्या अंगात रोज बनतो, दोन चमच्यापेक्षा जास्त. किडनी बाहेर काढते. पाणी प्या, घरी जा, झोपा. आणि ह्या मुलीला पण पाणी द्या, ही पडेल आता."

मी पडले नाही, पण रडले. मॅडमपण रडायला लागल्या, आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. बाहेर बसलेल्या बायका आमच्याकडे टकामका बघत होत्या. इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. मॅडमना घरी सोडून कॉलेजला परतताना मी रिक्षावाल्याला उगाचच दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

सर प्रयोगशाळेत एकटेच बसले होते. ठोके चांगले आहेत हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ओट्याकडे बोट केलं. "ही दुसरी बरणी कशाला धुतली होतीस?"

"सोडियम नायट्राइटसाठी, सर."

"मग त्यात का नाही भरलंस?"

"त्याचं पाकीट फाटलं नव्हतं."

नायट्राइटही तसंच पांढरट, तसंच दाणेदार, पण रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. ते चमचाभर पोटात गेलं असतं तर मॅडम डॉक्टरांपर्यंत पोचल्या असत्या की नाही, देव जाणे. पिशवीऐवजी ते पाकीट फाटलं असतं तर? मी स्टुलावर बसले.

"लेबल आण," सर म्हणाले. पुस्तकाखालचं लेबल मी दिलं. चौथी ओळ कोरीच होती. "आता सांग, युरियाचा धोका काय?"

मी आठवेल ते सांगत गेले. धूळ डोळ्यांत गेली तर चुरचुरते, नाकात गेली तर खोकला. तापवला की अमोनिया. ब्लीचिंगच्या द्रावणाशी तर गाठ पडूच द्यायची नाही, स्फोटक पदार्थ होतो. सर मान हलवत राहिले, लिहीत काहीच नव्हते. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं, "दिसायला साखरेसारखा."

त्यांनी लेबल स्वतः चिकटवलं. नोकरी गेली नाही. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस म्हणाले, "तू थुकलंस ता बरा केलंस गो. आमका जमूचा नव्हता." पुढच्या वर्षापासून प्रसाद बाहेर व्हरांड्यात झाला.

त्यानंतरचे तीन महिने मी मात्र मोजून काढले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं पटलं होतं, तरी मॅडम एखाद्या दिवशी उशिरा आल्या की माझ्या हातून काहीतरी फुटायचं. जानेवारीत त्या रजेवर गेल्या. एका सकाळी फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकांनी फोन ठेवला आणि सरळ जाऊन तराजूच्या पाया पडले.

सव्वा महिना झाल्यावर मॅडम बाळ आणि मिठाईची पिशवी घेऊन आल्या. काकांनी दारातच हात आडवा केला, "हय खाऊक नाय, भायर!" मग आम्ही सगळे व्हरांड्यात उभे राहिलो. सरांनी बाळाला घेतलं, ते इतकं अवघडून की तिलाच रडू आलं. मॅडमनी पिशवीतून बर्फीचा डबा काढून माझ्या हातात दिला. झाकणावर आमचंच, प्रयोगशाळेचं लेबल चिकटवलेलं होतं. बर्फी. तारीख. मॅडमची सही. चौथ्या ओळीवर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं, "धोका नाही."

मी सरांकडे बघितलं. ते लेबल त्यांनी दोनदा वाचलं, आणि डब्यातला पहिला तुकडा उचलून तोंडात टाकला.