फोटो एकीचा, आवाज दुसरीचा

धुकं असं दाटलं होतं की समोरचं इस्त्रीचं दुकान जागेवर आहे की रात्रीतून कुणी उचलून नेलं, तेच कळत नव्हतं. इस्त्रीवाल्याचा खोकला तेवढा जागेवर होता. फोटोवालीनं शटर वर ढकललं, दिवा लावला आणि मऊ फडक्यानं लेन्स पुसायला घेतली. पुसावी तर तिच्याच श्वासाची वाफ परत काचेवर बसायची. सर्दीनं तिचं नाक चोंदलं होतं, कानात दडे बसले होते.

"ताई, आज फोटो कुणाचा? धुक्याचा?" पलीकडून आवाज आला.

"तुझा काढते ये. धुक्यात बरा दिसशील."

एवढंच काय ते तिचं दिवसाचं बोलणं. वडिलांचा स्टुडिओ तिच्याकडे आला तेव्हा दारात रांग असायची. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि हिच्याकडे उरले पासपोर्टचे फोटो. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं नवीन काम काढलं, बोलते फोटो. एकामागून एक फोटो सावकाश सरकतात आणि खाली त्याच माणसाचा आवाज चालू राहतो. लोक विचारत, "मग सरळ व्हिडिओच का नाही करत?" ती म्हणे, "व्हिडिओत माणूस हलतं, बघणारा नुसता बघत बसतो. फोटो गप्प बसतो, म्हणून बोलणं ऐकू येतं."

कामाची तिची रीत ठरलेली. आधी आवाज, फोटो मागून. कॅमेरा दिसला की माणूस ताठरतं. पोटातलं बोलून झालं की चेहरा आपोआप सैल पडतो. बोलणं संपलं की ती सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचंही रेकॉर्डिंग करायची. वाक्यं कापून जोडली की मध्ये भोकं पडतात, ती त्याच खोलीच्या शांततेनं भरावी लागतात. दुसऱ्या खोलीची शांतता लावली की ठिगळ कळतं.

मग दुकानात कानाला हेडफोन लावून ती तासन्‌तास लोकांची बोलणी ऐके, आणि ऐकता ऐकता त्यांना उत्तरं देई. "हो का?", "अगंबाई!", "मग काय केलंत?" इस्त्रीवाला दारात येऊन हसायचा, "कुणाशी भांडताय ताई?"

"भांडायला आहे कोण इथं?" ती म्हणायची. खरंच नव्हतं. वर एक खोली, एक ताट, एक वाटी. भाऊ लांब होता. त्याचा फोन यायचा तो "बरी आहेस ना?" एवढाच, आणि ती "बरी आहे" म्हणेपर्यंत तिकडून वहिनीची हाक यायची.

त्या दिवशी काम वृद्धाश्रमात होतं. चार नंबरच्या खोलीत शिंपीण आजी राहायच्या. जन्मभर ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी बोलल्यामुळं त्यांचं बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून, चावून चावून बाहेर यायचं. टाचण्या सुटल्या, खोड सुटली नाही. एकुलता एक मुलगा परदेशात. आजींच्या एका डोळ्याचं दिसणं गेलं होतं आणि दुसऱ्याचंही जात चाललं होतं. फोनवर मुलाला हे सांगणं त्यांना जमलं नव्हतं. त्यानं "कशी आहेस?" विचारलं की "बरी" हेच बाहेर यायचं. रेकॉर्डिंगच्या मशीनसमोर मात्र जमलं.

"दिसतंय तोवर एकदा येऊन जा रे. नुसतं तोंड बघायचंय तुझं. बाकी काही नको."

शेजारच्या पाच नंबरमध्ये निवृत्त मास्तरीणबाई. आवाज घंटेसारखा खणखणीत, एकेक अक्षर सुटं. त्यांनी आपल्या लेकीसाठी सांगितलं, "मी अगदी मजेत आहे. माझी काळजी करायची नाही. कामंधामं टाकून इकडे धावत यायचं नाही."

दुपारी थोडं ऊन पडलं, ते फक्त पाच नंबरच्या खिडकीत. आजी म्हणाल्या, "माझे फोटो तिथंच काढ. उजेडात काढ बाई, तोंडावरच्या सुरकुत्या काही आता लपायच्या नाहीत." मग आजी पाचमध्ये, मास्तरीणबाई चारमध्ये. फोटोवालीनं सवयीनं आवाजांसारखे फोटोंनाही ते काढलेल्या खोलीचे नंबर दिले, आणि तिथंच घोळ झाला. एरवी काम पुरं झालं की ती ते दोनदा तपासायची, एकदा डोळे मिटून आणि एकदा आवाज बंद करून. या वेळी कानात दडे. ऐकून करते काय! नुसत्या डोळ्यांनी बघितलं आणि दोन्हीकडे धाडून दिलं.

मुलाचं उत्तर लगेच आलं. "फारच छान. आई ठणठणीत वाटली, आवाजही किती स्पष्ट! येऊ नकोस म्हणाली, जीव भांड्यात पडला. इकडे सुट्टीचं कठीणच होतं."

ते वाचून फोटोवाली जरा बुचकळ्यात पडली. येऊ नकोस? आजी तर... तेवढ्यात मास्तरीणबाईंच्या लेकीचा फोन.

"अहो बाई, आमच्या आईच्या तोंडात ही कोण कुरकुरतेय? पहिल्या शब्दालाच चहा सांडला माझा!"

फोटोवालीनं नंबर पडताळले; दोघींच्या आवाजांची अदलाबदल झाली होती. लेकीला पहिल्या शब्दाला कळलं. मुलानं सगळं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

गप्प बसली असती तर मुलाला पत्ता लागला नसता. तिनं त्याला फोन लावला.

"साहेब, चूक झाली माझ्याकडून. फोटो तुमच्या आईंचेच आहेत. आवाज दुसऱ्या बाईंचा लागलाय."



"मला वाटलं," तो म्हणाला, "वयानं बदलला असेल."

"बदललेला नाही. खरा पाठवलाय आत्ता. ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आश्रमात गेली. आजी खाटेवर बसून चाचपडत उशीचा अभ्रा उसवत होत्या.

"काय म्हणाला?"

तिनं झालेला घोळ सांगितला. आजी तोंडाच्या कोपऱ्यातून खुदकन हसल्या. "मास्तरणीच्या आवाजात मी? जन्मात पहिल्यांदा शुद्ध बोलले म्हणायची!" मग हात थांबला. "त्याला कळलं ना?"

"मीच फोन केला, आजी. लगेच."

"ते नाही विचारलं."

आजींनी अभ्रा मांडीवर सपाट केला, दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले.

"नाही कळलं," त्या स्वतःच म्हणाल्या. "शिलाई मशीनची घरघर असायची घरात दिवसभर. पोराला तीच आठवत असेल."

तेवढ्यात फोटोवालीचा फोन वाजला. मुलाचा निरोप होता. तिनं तो आजींना मोठ्यानं वाचून दाखवला. "आईचं सगळं रेकॉर्डिंग पाठवा. कापलेलं नको, जसं आहे तसं. मी तिकिटाचं बघतोय."

"बघतोय म्हणजे येतो का नाही?" आजींनी विचारलं.

"बघतोय म्हणालाय."

"हं. पाठव तू सगळं. येईल तेव्हा येईल. मात्र लवकर म्हणावं." आणि त्या परत उसवायला लागल्या.

दुकानात येऊन तिनं ते अख्खं रेकॉर्डिंग उघडलं. आता कान मोकळे झाले होते. त्यात आजी होत्या, बाहेर वाजणारी बादली होती, आणि जागोजागी आणखी एक बाई होती. "मग हो?", "पाणी देऊ का?", "आजी, रडू नका, थांबू या आपण." घोगरा, दबका आवाज. इतकी वर्षं प्रत्येक कामात हा आपला आवाज ती न ऐकताच आधी कापून टाकायची आणि मगच कामाला लागायची. तिचा हात सवयीनं तिकडं गेलाच. पण जसं आहे तसं म्हणाला होता. हात मागं घेऊन तिनं पुन्हा एकदा ते ऐकलं. तिला तो ओळखीचा वाटेना. आपण बोलताना अशा वाटतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं फाइल पाठवून दिली.

"ताई, आहात का?" इस्त्रीवाला एका तरुण मुलीला घेऊन दारात उभा होता. "हिला पासपोर्टचे फोटो हवेत, तातडीनं. ऑफिस बंद व्हायच्या आत."

"बस गं. केस कानामागं घे. हनुवटी थोडी खाली. अजून थोडी. हं, हलू नकोस."