हनिफला दाखवायची पाटी

रुख्सानावहिनींचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. "भाऊजी, लवकर या... हे उठत नाहीत." पालीच्या शाळेतून हातखंब्याला पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. घराला लागूनच असलेल्या गॅरेजमध्ये हनिफ खुर्चीत बसलेला, मान एका बाजूला कललेली, मांडीवर हात पुसायचं फडकं. हृदयविकाराचा झटका, असं सांगितलं. याला आता दीड महिना झाला.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. मी मास्तर झालो. तो आखातात गेला आणि तिथल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्यांचा मिस्त्री झाला. बारा वर्षांनी परतून गॅरेज टाकलं, पण ट्रॅकचं वेड सुटलं नाही. मुंबईचे एक गृहस्थ आपली वेगवान इलेक्ट्रिक गाडी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर न्यायचे आणि तिची सेटिंग लावायला हनिफला बोलवायचे. दरवर्षी सुट्टीत दोन दिवस मीही जायचो. गाडीच्या स्क्रीनवर 'ट्रॅक मोड' लावला की बरंच काही चालवणाऱ्याच्या हातात येतं. पुढच्या चाकांना ताकद किती, मागच्यांना किती. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीने आपणहून वेग किती आवरायचा. आणि घसरायला लागली तर तिने आपणहून किती सावरायचं. हे सावरणं दहापासून शून्यापर्यंत उतरवता यायचं. हनिफ एका फेरीला एकच आकडा उतरायचा आणि दोनवर थांबायचा. "शून्यावर नेऊन बघ की," मी एकदा डिवचलं. "तू ने मास्तर. तुझी बायको माहेरी गेलीय, तुला कोण विचारतंय! माझ्या घरी दोघी वाट बघतात." दोघी म्हणजे वहिनी आणि लेक.

तीन फेऱ्या जोरात मारल्या की बॅटरी तापते, मग गाडी सावकाश आत आणून थंड होऊ द्यायची. चालवण्याच्या नादात हनिफला फेऱ्यांचं भान राहत नसे, म्हणून ट्रॅकच्या कडेच्या भिंतीशी उभं राहून त्या मोजायचं काम माझं. पहिल्याच खेपेला मी घरातली जुनी दगडी पाटी नेली आणि तिच्यावर खडूने लिहिलं : आत ये. तिथली माणसं हसायला लागली. "हसा मेल्यांनो," हनिफ म्हणाला, "आमच्या मास्तरांची पाटी आहे, नापास करतील!" पण पाटी दिसली की तो वेग सोडायचा. 'आणखी एक फेरी' असं एकदाही म्हणाला नाही.

गेल्या मे महिन्यात ट्रॅकवरून परतताना घाटात त्याने गाडी कडेला घेतली. शर्ट घामाने भिजलेला, हात छातीवर. "वाईच थांब... पित्त असेल." मग हळूच म्हणाला, हे तिसऱ्यांदा होतंय. "रुख्सानाला बोलू नको हां. ती ट्रॅक बंद करेल. पुढची एक खेप होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला." मी शब्द दिला. मित्राचा शब्द पाळला, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. खरं ते असं, की ट्रॅकवरचे ते दोन दिवस मलाही हवे होते. वर्षभरात तेवढेच दिवस मी कुणाचा तरी भिडू असायचो...

हनिफ गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी पाण्याचा पेला हातात देत विचारलं, "भाऊजी, तुम्हाला काही बोलले होते का हो? दुखतं वगैरे?"

मी 'नाही' म्हणालो. आणि ते पाणी प्यायलो.

हा लेख लिहायला घेतला आणि या ओळीच्या पुढे जाता येईना. शेवटी गेल्या रविवारी पाटी पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. घाट, घाम, माझा शब्द, माझं 'नाही'. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाटी काढून पुढे ठेवली, तशी त्यांनी तिच्यावरची अक्षरं वाचली.

"ही दाखवली की यायचे आत?"

"लगेच यायचा, वहिनी."

"मग इथे का नाही दाखवलीत?"

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. ओढणीने पुसतील असं वाटलं, पण अक्षरांना हात न लावता त्यांनी ती उचलली आणि फळीवर, हनिफच्या टोपीशेजारी उभी केली. मी निघालो तेव्हा पाटीचं तोंड दाराकडे होतं. अक्षर माझंच... मोठं, लांबून वाचता येईल असं.