खिडकीबाई आणि माझी लाल रेघ

प्रिय रिबेका आणि अमोल,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर अमोल सहज बोलून गेला. रविवारी तो चर्चला जातो हे त्याच्या वर्गात कुणालाच माहीत नाही. मित्रांना तो 'आजीशी बोलायचं असतं' असं सांगतो. मी तिथल्या तिथे त्याला दानीएलाची गोष्ट सुनावली: राजाने बंदी घातली तरी तो उघड्या खिडकीशी प्रार्थना करत राहिला आणि सिंहांच्या गुहेत टाकला गेला. अमोलने फोन आईकडे दिला. त्याच आठवड्यात रिबेकाचा निरोप आला: चर्चमधल्या तरुण मुलांसमोर तिला 'बायबलमधली धाडसी माणसं आणि आपण' असा धडा घ्यायचा आहे, तर आजीने पाच मुद्दे लिहून पाठवावेत. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी कागद घेतला, समास आखला, एक ते पाच आकडे घातले. पहिल्या आकड्यापुढे 'दानीएल' लिहिलं आणि हात थांबला. दानीएल मला जिने शिकवला तिने तीन वर्षांपूर्वी माझ्यासमोर जे केलं, त्याचा धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही. तेव्हा मुद्दे राहू द्या. मी तुम्हाला खिडकीबाईंबद्दल लिहिते. मराठी अडलं तर आईला विचारा.

खिडकी उघडल्याशिवाय त्यांची शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, सुरू होत नसे. नांदेडला आमच्या चर्चच्या मागे एक लांबट खोली आहे. तिची खिडकी थेट रस्त्यावर उघडते. मे महिन्यात तिच्यातून झळा येत, डिसेंबरात वारा, आणि बाराही महिने येणारेजाणारे आत डोकावत. आम्ही मुलं लाजायचो. गाणं म्हणायची वेळ आली की आवाज आपोआप उतरायचा. मग बाई म्हणायच्या, "सिंहाचं सोडा रे. सिंह एकदाच आला. खिडकी तो रोज उघडत होता. तीन टाइम! सगळ्या गल्लीला दिसायचं, बाबा गुडघ्यावर हाय म्हणून. धाडस तिथं हाय, गुहेत न्हाई." तेव्हापासून त्यांचं नाव खिडकीबाई पडलं. आम्ही तोंडावर 'बाई' म्हणायचो, पाठीमागे खिडकीबाई. त्यांना ते ठाऊक होतं.

बायबलमधली शूर माणसं मुळात किती घाबरट होती, हे सांगायला त्यांना फार आवडे. 'गिदोन लई भित्रा हाय' असं मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा तुमचे पणजोबा भडकले. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. शर्टाची कॉलर खळ लावून कडक केलेली आणि श्रद्धाही तशीच. पुढच्या रविवारी ते मला घेऊन जाब विचारायला गेले.

"पोरांना हे शिकवता?"

"दादा, तसंच लिहून हाय. द्राक्षकुंडात बसून गहू झोडायलाय ते. द्राक्षं तुडवायच्या कुंडात कोणी गहू झोडतं व्हय? वैऱ्याला दिसू नये म्हणून लपलंय बिचारं. अन् देवदूत येऊन काय म्हणतो? काय पैलवान, बरंय का!"

माझे वडील हसू दाबत घरी आले. आईला म्हणाले, "बाई वेडी आहे, पण तिने पुस्तक आपल्यापेक्षा नीट वाचलंय."

सोमवारी पहाटे त्या एसटीने देगलूरकडे जात आणि शनिवारी परतत. तिकडच्या एका खेड्यात त्या सरकारी शाळेवर शिक्षिका होत्या. तिथली तेलुगू बोलणारी मुलं त्यांना पंतुलम्मा म्हणत. मी मोठी झाले, इंग्रजी शिकवू लागले, तेव्हा एका नाताळात मी त्यांना म्हटलं, "बाई, यंदा करंज्या घेऊन तुमच्या शाळेत येते. तुमच्या मुलांना भेटते." त्यांचा चेहरा एकदम बदलला. "तिकडं नको येऊ, सुवार्ते. तिकडचं तिकडं, इकडचं इकडं." मला वाटलं, दमल्या असतील. चाळीस वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

आता जे लिहिणार आहे ते समजण्यासाठी एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. परदेशात जन्मल्यामुळे ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मला मिशनने शिकवलं आणि मिशनच्याच शाळेत नोकरी मिळाली. आमच्या घराला एकच नाव पुरलं. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पुष्कळ घरांत माणसाला दोन नावं असतात: एक बाप्तिस्म्याचं, दुसरं शाळेच्या दाखल्यावरचं. दाखल्यावर धर्मही जुना असतो आणि जातही जुनी. ज्या जातीमुळे त्यांच्या आजोबांना गावाबाहेर राहावं लागलं, ती बाप्तिस्म्यानंतरही शेजारी विसरत नाहीत. मात्र त्या जातीला सरकार जी सवलत देतं, ती कागदावर ख्रिस्ती लिहिलं की जाते. म्हणून कागदावर एक नाव आणि प्रार्थनेत दुसरं. हे सगळ्यांना माहीत असतं. कुणी विचारत नाही.

मी विचारलं.

निवृत्त झाल्यावर मी मंडळीच्या पंचकमिटीची चिटणीस झाले. सभासदांची जुनी नोंदवही पाहून मला घाम फुटला. खाडाखोड, डाग, एकाच माणसाची दोन स्पेलिंगं. मी सुचवलं की प्रत्येकाने दाखल्याची प्रत आणून द्यावी, म्हणजे वही एकदाची स्वच्छ होईल. प्रती आल्या. मग दाखल्यावर धर्म वेगळा असलेल्यांचं काय, हा प्रश्न निघाला. अध्यक्ष म्हणाले, "जे कागदावर ख्रिस्ती नाहीत ते आपले नाहीत. उद्या कुणी चौकशी लावली तर?" ठराव झाला. पट्टी धरून मी अकरा नावांवर लाल रेघा मारल्या. रेघा अगदी सरळ आल्या याचं मला समाधान वाटलं होतं. हेही लिहून ठेवते. सत्तरीपुढच्यांकडून मात्र मी दाखले मागितले नव्हते. म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास, असा माझा विचार.

त्यानंतर खिडकीबाईंनी शब्बाथ शाळेत दानीएल सांगणं बंद केलं. खोलीत येऊन बसत, मुलांकडून गाणी म्हणून घेत. खिडकी कुणी उघडली तर उघडी, नाही तर बंद. मी म्हटलं, वय झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये किनवटहून मार्थाचं प्रेत आलं. मार्था तिथल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी, ड्यूटीवर असतानाच तिचं हृदय बंद पडलं. माझ्या अकरा रेघांपैकी एक तिच्या नावावर होती. तिची आई आमच्या दफनभूमीत आहे आणि तिच्या शेजारची जागा मार्थाने केव्हाच सांगून ठेवली होती. सकाळी दहालाच ऊन असं तापलेलं की गाडी लिंबाखाली लावावी लागली. चर्चचे पाळकसाहेब परगावी होते. कमिटी चर्चमागच्या त्याच लांबट खोलीत बसली. मार्थाची मुलगी रेश्मा दाराशी उभी होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली, अंगावर कॉलेजचाच गणवेश.

अध्यक्षांनी मला वही उघडायला सांगितली. मी उघडली. रेघ सगळ्यांनी पाहिली.

"नियम सगळ्यांना सारखा," अध्यक्ष म्हणाले. "नाव नाही, तर जागा देता येत नाही. उद्या दुसरे विचारतील."

रेश्मा माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, आईला आजीपाशी ठेवायचंय फक्त. दुसरं काही मागत नाही आम्ही. कुठं नेऊ मी तिला आता?"

मी काय केलं असेल? मी वहीचं पान सरळ केलं. खरंच. कोपरा दुमडला होता तो बोटाने दाबला.

आणि तेवढ्यात काठीचा आवाज आला. बायका आमच्या कमिटीत बोलावल्याशिवाय येत नाहीत. मीसुद्धा तिथे होते ती लिहिण्यापुरती. खिडकीबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आत आल्या, आधी भिंतीशी गेल्या आणि खिडकी उघडली. बाहेर लिंबाखाली तीस-चाळीस माणसं उभी होती. सगळ्यांची तोंडं इकडे वळली. मग बाईंनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्या उघड्या वहीवर ठेवला.

"वाच, सुवार्ते. मोठ्यानं वाच."

जातीचा दाखला होता. नाव कलावती. धर्म, जात, सगळं होतं. तारीख माझ्या जन्मानंतर थोड्याच वर्षांची. मला पहिल्यांदा कळलंच नाही कुणाचा आहे ते.

"माझा हाय," बाई म्हणाल्या. "माझं बाप्तिस्म्याचं नाव राहेल, ते तुझ्या वहीत. सरकारच्या वहीत कलावती. त्याच कागदावर मी नोकरी केली. त्याच्यावरच माझ्या लेकाला नोकरी लागली. तुम्हाला खिडकी उघडा म्हणून शिकवत होते, अन् देगलूरकडच्या खोलीत मी खिडकी लावून प्रार्थना करत होते. सगळी वर्षं."

माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज. ज्या बाईच्या उंचीवर मी आयुष्यभर माणसं मोजली, ती माझ्यासमोर उभी राहून हे सांगत होती, आणि मला राग येतोय की रडू, तेही समजत नव्हतं.

अध्यक्ष पुढे झुकून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, हळू. बाहेर लोक आहेत. मुलाच्या नोकरीचं तरी बघा."

"त्याच्यासाठीच इतकी वर्षं हळू बोलले, दादा. आता न्हाई व्हत." त्या माझ्याकडे वळल्या. "एस्तेरचं दुसरं नाव काय गं?"

शाळेतल्या मुलीसारखी मी उत्तर दिलं, "हदस्सा."

"राणी झाली तेव्हा आपली जात सांगितली तिनं?"

"नाही. तिला वाढवणाऱ्या मर्दखयने सांगितलं होतं, सांगू नको म्हणून."

"मग किती वर्षं लपून होती ती महालात! तिचं नाव कोणत्या वहीतून काढलं? देवानं वाट बघितली तिची, अन् वेळ आल्यावर राजासमोर बोललीच की ती. तुम्हाला दोन दिवस बी दम निघाला न्हाई." मग त्यांनी टेबलावरचा लाल पेन उचलला आणि माझ्या हातात दिला. "माझ्या नावावर मार रेघ. आधी माझ्या. मग मार्थाला न्या बाहेर."

खिडकीबाहेर कुणीतरी मोठ्याने रडू लागलं. मी पेन टेबलावर ठेवला, तो घरंगळून खाली पडला. तो मी उचलला नाही. माझा निळा पेन काढला आणि मार्थाच्या नावापुढच्या समासात लिहिलं: 'ही रेघ चुकीची आहे.' खाली सही केली. त्या समासात मी कधी टिंबसुद्धा पडू दिलं नव्हतं.

अध्यक्ष हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने कुदळीचा आवाज येऊ लागला. बाहेर जाऊन पाहिलं तर अध्यक्षच सदरा काढून खणणाऱ्यांबरोबर उभे होते. दुपारच्या आत मार्था तिच्या आईपाशी गेली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी तिचा मुद्दा करून रिबेकाला पाठवला असता. पण महिन्याभरात कुणीतरी निनावी अर्ज केला. खिडकी उघडी होती, ऐकणारे खूप होते. बाईंच्या मुलाला, सुधीरला, कचेरीतून पत्र आलं. चौकशी अजून चालू आहे. सुधीर वर्षभर आईशी बोलला नाही. एकाच घरात राहून बोलला नाही. मी एकदा विचारलं, "बाई, पस्तावा होतो का?" त्या म्हणाल्या, "रोज व्हतो. एस्तेरला लेकरू नव्हतं, तिला सोपं गेलं." आणि हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

तेव्हा मला माझी खिडकी आठवली. मी उभा जन्म ती उघडी ठेवली आणि त्याचा अभिमान बाळगला. माझ्या खिडकीसमोर कधी कुणी पहाऱ्याला उभंच नव्हतं. मला तिची काही किंमत द्यावी लागली नाही, आणि ज्यांना द्यावी लागली असती त्यांच्या नावांवर मी पट्टी धरून रेघा ओढल्या.

अमोल, मी तुला रागावले ते परत घेते. तू अजून द्राक्षकुंडात आहेस, एवढंच. तुझी वेळ तुला कळेल, आणि तेव्हा तुझं नाव कुणी वहीतून काढलेलं नसेल. रिबेका, तुझ्या मुलांना सांग की घाबरलेल्या माणसाची देवाने वाट पाहिली. चर्चनेही पाहायला हवी. यापलीकडे मला काही शिकवता येत नाही.

खिडकीबाई यंदाच्या लेंताच्या उपवासात, गुड फ्रायडेच्या आधी आठ दिवस, गेल्या. शेवटच्या आजारात सुधीरच त्यांना भरवत होता. दगडावर काय कोरायचं हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही नावं टाका, मावशी. आता लपवायचं काय राहिलंय?"

अकरापैकी चौघं जण मंडळीत परतले. मार्था तिच्या जागी आहे. बाकीच्या सहा जणांच्या घरी मी जाऊन आले. दोघांनी दार उघडलं नाही. त्यांच्या नावांपुढेही मी समासात तेच लिहिलं आहे, पण ते अजून आलेले नाहीत. नोंदवही चर्चच्या कपाटात आहे. बाईंचं नाव बाराव्या पानावर आहे, राहेल म्हणून, आणि त्यावर रेघ नाही.

तुमची,
आजी