भंडाऱ्याच्या चढावरची चेन

साठीनंतर सायकल आणि लेखणी दोन्ही हाती घेतल्याबद्दल क्षमा असावी.

दर रविवारी भंडारा डोंगराच्या रस्त्यावर महाळुंग्याचे एक गृहस्थ भेटतात. रात्रपाळी संपवून, बिनगिअरच्या सायकलवरून, चढालाच "व्हय, आलो, आलो" असे उत्तर देत ते चढतात.

परवा शेवटच्या वळणावर माझा दम संपला. उतरलो, आणि लाजेने चेन पडल्याचे सोंग करून वाकलो. मागून तरुण सायकलस्वार आले.

"काय सर, दमलात?"

त्यांच्यामागून चढत आलेले ते गृहस्थ थांबले, खाली बसले आणि जागेवरच असलेल्या चेनवर त्यांनी बोटे काळी केली. "दमत्यात कशाचं, भावा! चेन पडलीया. व्हा म्होरं!"

मग माझ्यासोबत ते वरपर्यंत चालत आले.

आभार मानायचे, तर सोंग कबूल करावे लागेल. तुम्ही मानले असते का?