बापूरावांना उमरेडलाच जायचं होतं

बापूराव निमजे एकदा उमरेडला जायला निघाले आणि काटोलच्या एस.टी.त बसले. काटोलला उतरल्यावर त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी हसत विचारलं, तर म्हणाले, "मले काटोललेच जायचं होतं." काटोलला त्यांचं कुणी नव्हतं. उमरेडला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, ते यांच्याविना झालं. तरी माणूस आपल्या शब्दावरून हलला नाही. तेव्हापासून ऑफिसात कुणाचं काही चुकलं की लोक म्हणत, "याले काटोललेच जायचं होतं."

नागपूरला गोळीबार चौकाजवळ हातमाग विणकरांची एक सोसायटी होती. तिथे मी शिपाई होते. झाडणं, पाणी भरणं, चहा करणं. बापूराव हेडक्लार्क होते. जातीचे विणकर, सकाळी घरी माग चालवायचे आणि मग धोतर बदलून ऑफिसात यायचे. पावसाळ्यात एकदा दुसऱ्याची छत्री घेऊन घरी गेले. छत्रीवाल्याने ती दांड्यावरच्या नावावरून ओळखली. बापूराव म्हणाले, "तुही छत्री सांभाळून राहिलो होतो. इथं कोणी चोरली असती म्हणजे?" त्या माणसाने उलट यांचेच आभार मानले. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरचा माग नीट चालला नाही की दोष बायकोचा. ताणा मांडण्याआधी सुताला खळ लावावी लागते, म्हणजे धागा कडक होतो. ते काम यमुनाबाई करायच्या. दरवर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत बापूराव रोज ऑफिसात येऊन तेच सांगायचे. "आज पुन्हा धागे तुटले. तिची खळ पातळ. किती सांगतलं तरी बाई आयकत नाही." यमुनाबाई मला बाजारात भेटायच्या. तोंडातून शब्द काढत नसत.

मग सोसायटीत कम्प्युटर आला. छापायची मशीन, म्हणजे प्रिंटर, आधीचा जुनाच होता. कम्पनीचा माणूस मेश्राम मशीन लावायला आला. तिशीतला होता, कमी बोलायचा. त्याच्या मालकाला नवा प्रिंटर विकायचा होता. मेश्रामने आमच्या अध्यक्षांना खरं ते सांगून टाकलं, "जुना चालते साहेब, काहून पैसे घालता?" जाड करड्या वायरीने त्याने दोन्ही मशिनी जोडल्या, आणि सुताच्या वाटपाची यादी खडखडत छापून निघाली. मालक मेश्रामवर चिडला. त्याची नोकरी अजून कच्ची होती. मालक त्याला म्हणाला, "जुना बंद पडला तर तू घरी बसशील."

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला माग पुजतात. मागाला फणी असते, कंगव्यासारखी. तिच्या दातांमधून एकेक धागा वेगळा जातो. बापूरावांच्या घरची रीत अशी की कुंकू तेलात कालवून त्या फणीला लावायचं, धागा जिथून आत जातो तिथेच. ऑफिसातली पूजासुद्धा त्यांच्याच घराण्याकडे होती. त्या दिवशी मी बाहेर दाराला तोरण बांधत होते. आत बापूरावांनी पूजा केली, प्रसाद वाटला, आम्ही घरी गेलो.

सुट्टीनंतर मशीन सुरू केली तर यादीवर नावं नाहीत. ठिपके, चौकोन, फुल्या. मला इंग्रजी येत नाही, पण ते इंग्रजीही नव्हतं हे मला कळलं. बाहेर ओट्यावर विणकर सुतासाठी बसलेले. दिवाळीचा माल काढायचा होता त्यांना.

मेश्राम धावत आला. आल्याबरोबर विचारलं, "मशीनले कोणी हात लावला का?"

"कोणी नाही," बापूराव म्हणाले. "मी हाय ना इथं."

ते खोटं बोलत नव्हते. पूजा करणं म्हणजे हात लावणं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. मशिनीवरचा कुंकवाचा टिळा मेश्रामला दिसत होता, पण तसा टिळा त्याला सगळ्याच ऑफिसात दिसायचा.

त्याने प्रिंटरचं एक बटण दाबून धरलं आणि तो चालू केला. प्रिंटरने आपणहून स्वच्छ अक्षरं छापली. कम्प्युटरच्या काचेवरही नावं नीट दिसत होती. म्हणजे दोघेही चांगले, बिघाड मधे. त्याने वायर काढली. तिच्या टोकाशी काळपट लाल दिसलं. गंज आहे म्हणाला आणि नवी वायर लावली. प्रिंटर भिंतीला टेकून होता, मागे अंधार. हाताने चाचपूनच लावली. पुन्हा ठिपके आणि फुल्या. मेश्राम तिथेच खाली बसला. त्याचं तोंड उतरलेलं मी प्रथमच पाहिलं.

अध्यक्षांनी मालकाला निरोप धाडला. मालक दुपारी येतो म्हणाला.

मी चहा दिला. बापूराव मेश्रामला म्हणाले, "काहून होऊन राहिलं गा असं?"

मेश्रामने जुनी वायर त्यांच्या हातात दिली. "काका, हिच्या पोटात लय तारा हायेत. एकेका तारेतून वेगळा निरोप जाते. मागाच्या धाग्यावानी. दोन तारा एकमेकीले लागल्या का नक्षी बिघडली. पण ही तर म्या बदलली. आता मले काही समजत नाही."

बापूरावांनी वायरीच्या टोकावरून अंगठा फिरवला. अंगठा पाहिला, नाकाशी नेला. मग वायर ठेवून खुर्चीवर जाऊन बसले. चहा तसाच राहिला. मला वाटलं, छातीत दुखत असेल.

मालक आला. स्कूटरही नीट लावली नाही. सगळ्यांसमोर मेश्रामला म्हणाला, "औजाराची पिशवी ठेव इथं. उद्यापासून येऊ नको." मेश्रामने पिशवी टेबलावर ठेवली.

बापूराव उठले. "पिशवी उचल, मेश्राम. शेठ, याचा दोष नाही. मशीनच्या तोंडात कुंकू म्या लावलं. वायर उपसून, बोटानं, आतमंदी. फणीले लावतो तसं. माह्यं चुकलं."

माझ्या हातात कपबशा होत्या, त्या मी खाली ठेवून दिल्या. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. मग ओट्यावरून एक म्हातारा विणकर म्हणाला, "बापू, तुले काटोललेच जायचं होतं ना?"

कुणी हसलं नाही.

"नाही," बापूराव म्हणाले. "मले उमरेडले जायचं होतं. तवाही उमरेडलेच जायचं होतं."

मेश्रामने प्रिंटर भिंतीपासून ओढला, बॅटरी लावून आत पाहिलं. सगळं लाल. दात घासायचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून त्याने एकेक फट साफ केली. वायर लावली. नावं छापून आली. मालक मुकाट्याने स्कूटरवर बसून गेला आणि मेश्राम पिशवी घेऊन त्याच्यामागे. नोकरी राहिली.

पुढच्या दसऱ्याला मला दुसरा धक्का बसला. बापूरावांनी मेश्रामला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत पूजेचं ताट त्याच्यापुढे धरलं.

मेश्राम मागे सरकला. "काका, मी पूजा नाही करत. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली."

"मले मालूम हाय. म्हणूनच तुले बोलावलं. तू आत बोट घालणार नाहीस."

"मी फकस्त पुसून देतो."

"तेच कर."

मेश्रामने स्पिरिट काढलं आणि वायरीचं तोंड पुसलं. तो पुसेपर्यंत बापूराव हात जोडून उभे होते. अध्यक्ष रागाने बाहेर निघून गेले. दोन-चार विणकरही गेले. बापूरावांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिथेच उभी होते. काय करावं सुचेना, म्हणून मीही हात जोडले.

त्याच थंडीत ते गेले. मेश्राम मातीला आला होता, मागे उभा होता. मी नंतर यमुनाबाईंना भेटायला गेले. समोरच्या खोलीत माग तसाच होता, अर्धं लुगडं चढलेलं. फणी स्वच्छ दिसली, कुंकवाचं बोटही नाही. मी विचारलं, "काकू, दसऱ्याले माग नाही पुजला?"

"नाही वं," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात ते कुंकवाचं झालं ना, त्या दिवशी घरी आले. चप्पलही काढली नाही. फणी काढली न् चिंधी घेऊन तिचे दात पुसत बसले. लाल गाळ निंगाला, जुना, चिकट. धागा अडकून तुटणार नाही त काय होईन? बरंच पुसलं. मंग मले म्हणे, 'यमुने, तुही खळ चांगली होती.'"

लग्न झाल्यापासून या बाईने त्या खळीपायी बोलणी खाल्ली होती. मी विचारलं, "मंग तुमी काय म्हटलं?"

"मी काय म्हणू? मले वाटलं, याले ताप आला. कपाळाले हात लावून पाह्यला." त्या मागाकडे बघत राहिल्या. "ताप नव्हता."